राणीची बाग: आधी झाडांची, मग प्राण्यांची

मुंबईच्या भायखळ्यातली राणीची बाग महाराष्ट्रातल्या बहुतेकांना प्राणिसंग्रहालय म्हणूनच ठाऊक आहे. मुंबई पाहून आलेल्या पोराला गावात हमखास विचारले जाते, वाघ पाहिला का, हत्ती पाहिला का; अलीकडे त्यात पेंग्विनची भर पडली आहे. प्रत्यक्षात ही बाग जन्माला आली ती झाडांसाठी. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली तेव्हा वनस्पती उद्यान हीच तिची ओळख होती, आणि प्राणिसंग्रहालयासाठीची जागा तिला १८९० मध्ये जोडण्यात आली. आज सुमारे पन्नास एकरांच्या या आवारात तीन हजारांहून अधिक झाडे उभी आहेत. त्यांच्या जाती अडीचशेहून जास्त आहेत आणि त्यांतली काही झाडे भारतात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. बागेचे आजचे अधिकृत नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय’. या नावातही वनस्पती उद्यान आधी येते, आणि बाग पाहण्याचा योग्य क्रमही तोच आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांसाठी ही बाग आता पूर्वीइतकी लांबची राहिलेली नाही. मुंबई–जालना जनशताब्दी एक्सप्रेस ऑगस्ट २०२४ पासून हिंगोलीपर्यंत धावू लागली. त्यामुळे हिंगोली डेक्कन स्थानकावर बसलेला प्रवासी गाडी न बदलता दादरला उतरू शकतो आणि तिथून लोकलने काही मिनिटांत भायखळ्याला पोहोचतो. मुंबईत दवाखान्याच्या, परीक्षेच्या किंवा मंत्रालयाच्या कामाला जाणाऱ्यांच्या हाती अनेकदा अर्धा दिवस उरतो. तो अर्धा दिवस घालवायला मुंबईत याहून चांगली आणि याहून स्वस्त जागा क्वचितच सापडेल.

या बागेचे मूळ भायखळ्यात नाही, शिवडीत आहे. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० मध्ये स्थापन झाली. शेती आणि बागायतीची सुधारणा हे तिचे काम. बाहेरदेशच्या उपयोगी वनस्पती इथल्या हवेत रुजतात का हे पाहणे, रोपे तयार करणे, बियाणे वाटणे अशा गोष्टींसाठी तिने शिवडीला बाग उभी केली होती. नाना शंकरशेट या नावाने मुंबईकरांना परिचित असलेले जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी या कामात पुढे होती. पुढे शिवडीची ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी हवी झाली आणि बागेला दुसरे घर शोधणे भाग पडले. माझगावच्या माउंट इस्टेटमधली सुमारे ३३ एकर जमीन त्यासाठी निवडली गेली. १८६१ मध्ये तिथे काम सुरू झाले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या पत्नी लेडी फ्रीअर यांच्या हस्ते बाग लोकांना खुली झाली. तिला ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ असे नाव दिले गेले. लोकांनी तिची राणीची बाग केली आणि दीडशे वर्षांनंतरही तेच नाव तोंडी राहिले आहे.

बाग उभी राहिली तो काळ मुंबईच्या भरभराटीचा होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. दख्खनच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागला आणि व्यापाऱ्यांच्या तिजोऱ्या भरल्या. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी तिथे होती, आणि कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून हिंगोलीचे नाव पुढे गॅझेटियरमध्येही नोंदले गेले. कापसाच्या त्या पैशातून मुंबईत घड्याळाचे मनोरे, वाचनालये, पुतळे, रुग्णालये उभी राहिली. राणीच्या बागेच्या प्रवेशापाशी असलेला डेव्हिड ससून यांच्या देणगीचा घड्याळ मनोरा १८६५ चा, म्हणजे नेमका याच दिवसांतला आहे. मुंबईच्या या वास्तू पाहताना त्यांच्या पायात दख्खनच्या शेतकऱ्याचा घाम आहे, हे मराठवाड्यातल्या पाहुण्याने लक्षात ठेवायला हरकत नाही. १८७३ मध्ये बाग मुंबई महापालिकेकडे आली आणि तेव्हापासून आजतागायत तिचा सांभाळ महापालिकाच करते.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. त्याची पायाभरणी बाग खुली झाली त्याच वर्षी, १८६२ मध्ये झाली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी उघडले. तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ होते. १ नोव्हेंबर १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. भाऊ दाजी मूळचे गोमंतकातले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. पण त्यांची दुसरी ओळख मराठवाड्याला अधिक जवळची आहे. प्राचीन लिपी आणि शिलालेख यांचे ते जाणकार होते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांतल्या लेखांचे वाचन करून त्यांनी ते १८६० च्या दशकात प्रसिद्ध केले. दिवसभर रोगी तपासणारा डॉक्टर लेण्यांतली झिजलेली अक्षरे लावत बसतो, ही त्या पिढीची ज्ञानाची भूक होती. संग्रहालयाची इमारत पुढे फार खालावली होती. २००३ पासून महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिची दुरुस्ती केली. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुले झाले. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, रंगवलेले छत, आणि वेगवेगळ्या जातिजमातींचे व धंद्यांचे मातीचे बारकाईने केलेले नमुने ही इथली खास दौलत आहे. लहान मुले या नमुन्यांपुढे बराच वेळ रेंगाळतात.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. येणारे-जाणारे त्याच्याजवळ छायाचित्र काढतात आणि पुढे जातात, पण त्याचा इतिहास थांबून ऐकण्यासारखा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. बेटाच्या धक्क्याजवळ एका अखंड खडकातून तो कोरलेला होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८१४ च्या सुमारास त्याचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा बेत ठरला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकण्यात आले आणि पन्नास वर्षे तसेच पडून राहिले. १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला गेला. साखळी तुटली नसती, तर हा हत्ती आज लंडनच्या एखाद्या दालनात असता.

पुतळ्यांच्या बाबतीतही ही बाग मुंबईचा एक आश्रय ठरली. दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा चौकाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये चौकातून हलवून इथे आणला गेला. अल्बर्ट ससून यांनी १८७० च्या दशकात तो शहराला दिला होता. चौकाचे नाव मागे राहिले, घोडा भायखळ्याला आला. संग्रहालयाच्या मागल्या अंगणात इंग्रजी अमदानीतले असे आणखी काही पुतळे आहेत. त्यांत संगमरवरी सिंहासनावर बसलेली व्हिक्टोरिया राणीही आहे. हे पुतळे फोडून न टाकता एका कोपऱ्यात जपून ठेवले, हा शहाणपणाचा निर्णय म्हटला पाहिजे. इतिहास नापसंत असला तरी तो पुढच्या पिढीला पाहता आला पाहिजे. बागेचे नाव मात्र स्वातंत्र्यानंतर बदलले गेले आणि ते जिजाऊंना वाहिले गेले. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा हिंगोलीहून फार दूर नाही, तेव्हा इकडच्या प्रवाशाला या नावाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

आता झाडांकडे. बागेत शिरल्यावर घाईघाईने पिंजऱ्यांकडे न वळता आधी मान वर करून पाहावे. हिंगोलीच्या आसपासची रानं पानझडीची. साग, पळस, मोह, सालई, बेहडा ही तिथली मंडळी, उन्हाळ्यात पाने टाकून तग धरणारी. राणीच्या बागेत मात्र आफ्रिका, ब्रह्मदेश, मध्य आणि दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या मुलखांतली झाडे एकमेकांना खेटून वाढली आहेत. एकोणिसाव्या शतकात बोटींतून आलेली रोपे आणि बिया इथे रुजल्या, आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांनी घर केले.

पहिले नाव घ्यावे ते गोरखचिंचेचे. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. त्याचा बुंधा अवाढव्य, अनेक माणसांनी हात धरून कडे केले तरी अपुरे पडावे इतका, आणि त्यावर तुलनेने आखूड फांद्या. वर्षातले कित्येक महिने ते निष्पर्ण असते, म्हणून अनेकांना ते वाळलेले वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मऊ, स्पंजासारख्या लाकडात पाणी साठलेले असते आणि त्याच्या जोरावर ते कोरडे महिने काढते. पावसाळ्यात हाताच्या पंजासारखी पाने फुटतात. पांढरी मोठी फुले संध्याकाळी उमलतात, लांब देठांवर खाली लोंबतात आणि वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात. मखमली सालीच्या लांबट फळातला गर आंबट असतो, त्यावरूनच नावात चिंच आली. भारतात ही झाडे अरब आणि आफ्रिकी व्यापाऱ्यांबरोबर, सैनिकांबरोबर आली असे मानले जाते. दख्खनमधल्या जुन्या मुसलमानी राजधान्यांच्या आसपास ती हटकून आढळतात. हैदराबादच्या गोवळकोंड्यातले ‘हत्तियान का झाड’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. हिंगोली अनेक पिढ्या हैदराबाद संस्थानात होती, तेव्हा जुन्या लोकांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल.

उर्वशी हे झाड मात्र सहजासहजी कुठे दिसत नाही. ब्रह्मदेशातले हे झाड १८२० च्या दशकात डॉ. वॉलिक या वनस्पतिशास्त्रज्ञाला मार्तबानजवळच्या एका बौद्ध मठाच्या बागेत सापडले. तिथे त्याची फुले बुद्धमूर्तीपुढे वाहिली जात. रानात ते जवळजवळ सापडतच नाही. फांदीला टांगलेले लांब लाल घोस, पाकळ्यांवर पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, आणि कोवळी पाने तांबूस जांभळी, गळून पडल्यासारखी लोंबणारी. बी क्वचितच धरते, म्हणून दाब कलम किंवा गुटी कलम करून ते वाढवावे लागते. माळी लोकांच्या हातात कौशल्य नसते, तर ही जात बागांमधूनही केव्हाच नाहीशी झाली असती. जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत त्याची गणना होते आणि ते खरे आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर ते फुलते, त्या दिवसांत मुंबईतले वृक्षप्रेमी खास त्याच्यासाठी बागेत येतात.

कैलासपती हिंगोलीकरांना अनोळखी नसेल. शंकराच्या देवळांच्या आवारात ते लावलेले असते. फुलाच्या मध्यभागी पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागाच्या फणीसारखे वळलेले केसर, म्हणून त्याला शिवाचे झाड मानले जाते. औंढा नागनाथच्या ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्यांच्या मनाला ते सहज भावते. पण हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतून आलेले आहे. इथल्या श्रद्धेने त्याला आपलेसे केले ते नंतर. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात, त्यांना दाट गोड वास असतो, आणि नंतर खोडालाच तोफेच्या गोळ्यासारखी तपकिरी फळे लटकतात. फळ फुटले की आतल्या गराला दुर्गंधी येते. झाडाखाली उभे राहताना वर लक्ष ठेवावे, फळ जड असते. फुलात मध नसतो. तिथे दोन प्रकारचे परागकण तयार होतात, एक भुंग्यांच्या खाद्यासाठी आणि दुसरे बीजधारणेसाठी. निसर्गाने केलेली ही विभागणी शाळेतल्या मुलांना समजावून सांगायला या झाडाखालची सावली उत्तम आहे.

खोडावरच फुले-फळे येण्याचा हाच प्रकार मेणबत्तीच्या झाडात आणखी नजरेत भरतो. हे पनामातले. खोडाला आणि जाड फांद्यांना पिवळट, गुळगुळीत, हातभर लांबीची फळे सरळ खाली लोंबतात आणि हुबेहूब मेणबत्त्यांची माळ लावल्यासारखी दिसतात. ब्राऊनिया नावाचे छोटेखानी झाडही याच अमेरिकी पाहुण्यांपैकी. त्याचे गडद लाल-नारिंगी गेंद पानांच्या आड दडलेले असतात, म्हणून जवळ जाऊन फांदी निरखावी लागते. त्याची कोवळी पालवी मऊ रुमालासारखी लोंबते आणि पुढे हळूहळू ताठ होते. पर्जन्यवृक्ष तर आता महाराष्ट्राच्या रस्त्यांवर सगळीकडे आहे. बागेतल्या जुन्या झाडांच्या छत्रीखाली भर दुपारीही ऊन जमिनीवर पोहोचत नाही, आणि संध्याकाळ झाली की त्याची पाने मिटतात.

परदेशी झाडांच्या या गर्दीत देशी झाडांनाही मान आहे. त्यांत सीता अशोक आवर्जून पाहावा. शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाला जो उंच, निमुळता, हिरवा ‘अशोक’ लावलेला असतो, तो खरा अशोक नव्हे. खरा सीता अशोक मध्यम उंचीचा, पसरट, दाट सावलीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या फांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि दिवस जातात तसे ते लाल होत जातात. या फुलांना पाकळ्या नसतात, जे रंगीत दिसते ते निदल. आयुर्वेदात त्याच्या सालीला मोठी मागणी असल्यामुळे रानांतली झाडे सोलली गेली आणि ती दुर्मीळ झाली. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या एखाद्या शाळेने कुंपणाला हिरवा अशोक लावण्याऐवजी आवारात पाणी मिळेल अशा जागी दोन सीता अशोक लावले, तर ते काम जास्त मोलाचे होईल. राज्याचे फूल देणारा तामणही लावावा. उन्हाळ्यात त्याचे जांभळे तुरे आवार भरून टाकतात.

बागेतल्या जुन्या झाडांवर माणसांखेरीज इतरांचाही हक्क आहे. मोठ्या झाडांच्या शेंड्यांवर वटवाघळे उलटी लटकून दिवस काढतात. पोपट, धनेश, तांबट, कोकीळ यांचे आवाज वाहनांच्या गोंगाटातून वेगळे ऐकू येतात. भोवती लालबाग, परळ, चिंचपोकळी, माझगाव असा दाट वस्तीचा पट्टा. एकेकाळी इथे कापडगिरण्यांची धुराडी होती. गिरणी कामगारांच्या चाळींतल्या कुटुंबांना रविवारी डबा बांधून जाण्यासारखी हिरवी जागा ही एकच. मुंबईतल्या कित्येक मराठी घरांच्या आठवणींत राणीच्या बागेची सहल आहे. शिक्षण, नोकरी किंवा लग्न यांमुळे मुंबईत स्थायिक झालेली मराठवाड्यातली कुटुंबेही गावाकडचे पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा इथेच आणतात.

प्राणिसंग्रहालयाविषयी थोडक्यात. जुने गजांचे पिंजरे काढून काचेआड आणि खंदकापलीकडे मोकळे आवार देण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले आहे. वाघांची जोडी २०२० च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे आणली गेली आणि २०२१ मध्ये त्यांना बछडा झाला. म्हणजे मुंबईकरांना दिसणारा वाघ मराठवाड्याचा पाहुणा आहे. पेंग्विन आले ते जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून, हम्बोल्ट जातीचे आठ. त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला आणि त्यावर बरीच टीका झाली. मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहता येतात. हम्बोल्ट पेंग्विन हे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, अंटार्क्टिकाच्या बर्फातले नव्हेत. तरी मुंबईचा उकाडा त्यांना सोसत नाही, म्हणून त्यांचे दालन सुमारे १६ ते १८ अंश सेल्सियसवर ठेवावे लागते. त्यांच्या दालनापुढे रांग असते. मुलांना ते पाहायचेच असतात आणि त्यात काही गैर नाही. फक्त पेंग्विन पाहून बाग संपली असे समजू नये.

झाडांचे हे महत्त्व पटवून देण्यासाठी मुंबईकरांना एकदा लढावेही लागले आहे. २००७ च्या सुमारास महापालिकेने बागेचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना आखली. तिचा खर्च ४३३ कोटींच्या घरात सांगितला जात होता. नवी बांधकामे, रुंद रस्ते, मोठी आवारे यांत दीडशे वर्षांच्या झाडांचे काय होणार, हा प्रश्न काही जाणकार महिलांनी आणि वनस्पतिप्रेमींनी लावून धरला. त्यांनी झाडांची मोजदाद केली, प्रत्येकाची नोंद केली, सह्या गोळा केल्या, सुनावण्यांना हजेरी लावली. ही बाग वारसा यादीत आहे, हा मुद्दा त्यांच्या बाजूने होता. वारसा समितीच्या आक्षेपांनंतर मूळ योजना बारगळली आणि तिच्या जागी बऱ्याच लहान स्वरूपाचे काम झाले. आज पाहुण्याला दिसणारी गर्द सावली या लोकांच्या चिकाटीमुळे टिकून आहे. पिंजरा नवा बांधता येतो, दीडशे वर्षांचे झाड बांधता येत नाही. नगरपालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी ही गोष्ट प्रत्येक विकास आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

प्रत्यक्ष जाण्याविषयी काही सूचना. हिंगोलीहून येणाऱ्याने दादरला उतरून मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडावी. परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. हे स्थानकही पाहण्यासारखे आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावलेल्या देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीच्या वाटेवरचे ते स्थानक, आणि त्याची दगडी इमारत १८५७ ची. तिच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे. पूर्वेकडच्या बाजूने बाहेर पडले की बाग चालत गाठता येते. सामान हलके ठेवावे, कारण आतला फेरफटका लांबचा आहे.

बाग साधारण सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत खुली असते, मात्र तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते. २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार प्रौढांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये तिकीट आहे. दर बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे. संग्रहालयाचे तिकीट वेगळे, पण माफक. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्ट्यांत गर्दी फार असते. शक्य असेल तर कामाच्या दिवशी, दार उघडताच जावे. पहिला दीड-दोन तास झाडांसाठी ठेवावा, ऊन चढल्यावर पेंग्विन आणि वाघांकडे वळावे आणि दुपार संग्रहालयाच्या थंड दालनात घालवावी. फुलांसाठी जानेवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा काळ चांगला. गोरखचिंचेची पाने आणि बागेची हिरवाई पाहायची असेल तर जुलै-ऑगस्ट, मात्र छत्री आणि चिखलात न घसरणाऱ्या चपला हव्यात.

अनेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. मुलांना वही-पेन्सिल द्यावी, पाटीवरचे नाव, पानाचा आकार, खोडाची साल, फूल किंवा फळ एवढे टिपायला सांगावे. जमिनीवर गळलेले फूल उचलून पाहण्यात गैर काही नाही, पण फांदीवरचे तोडू नये, बी-फळ पिशवीत भरू नये आणि खोडांवर नावे कोरू नयेत. हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली मुंबईला जातात तेव्हा गेटवे आणि चौपाटी यांच्या जोडीने या बागेला निदान तीन तास द्यावेत, आणि सोबत वनस्पतींची ओळख असलेला एक शिक्षक असावा. एवढे लक्षात ठेवावे की बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. सहलीचा दिवस ठरवताना बुधवार टाळावा.